सरकारी मनोरुग्णालय की खाजगी पुनर्वसन केंद्र?

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. राज्यातल्या या प्रादेशिक मनोरुग्णालयांचं नाव काढलं की अजून लोकांच्या अंगावर काटा येतो. गर्दी असते, माणसं कमी पडतात, हे खरंच. पण मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका, औषधं एकाच आवारात मिळतात आणि खर्च परवडतो. खाजगी केंद्रात खोली टापटीप, जेवण बरं. मात्र रात्री दोन वाजता रुग्ण बिथरला तर कोण धावून येणार, ते आधी विचारा. ‘डॉक्टर ऑन कॉल आहेत’ एवढ्यावर मी तरी समाधान मानणार नाही.

बाग नि रंगीत भिंती काय, कोणीही दाखवेल. रुग्णाला बांधून ठेवल्याच्या नोंदी मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड आणि एकांतकोठडी दोन्हीकडे बंद आहे. बांधायचंच तर दुसरा उपाय नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, तेवढ्यापुरतंच. सक्तीने मुंडणही करता येत नाही. खाजगी केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी नसेल तर दारातूनच परत फिरा.

आजार उसळलेला असताना मी सरकारी रुग्णालय धरेन. लक्षणं आटोक्यात आली की स्वयंपाक, पैशांचा हिशेब, कामाची सवय यासाठी नोंदणी असलेलं छोटं केंद्र उजवं.