दोघांनी मिळून वाचलेली मोठ्या टाइपातली सार्थ ज्ञानेश्वरी: आषाढीपासून माघापर्यंतचा अनुभव

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी आम्ही दोघं ज्ञानेश्वरी वाचायला बसलो आणि वाचन अजून चालू आहे. आता माघ संपत आलाय, तेरावा अध्याय जवळजवळ पूर्ण झालाय. इतक्या महिन्यांनंतर लिहायला हरकत नाही असं वाटलं. पुस्तक कसं आहे ते सांगतेच, पण नवरा-बायकोने ते मिळून वाचल्यावर घरात काय होतं, तेही सांगायचंय. दुकानात उभं राहून पुस्तक चाळताना ते कळत नाही.

आमची प्रत एका खंडातली आहे. वर मूळ ओवी ठळक मोठ्या टाइपात, खाली आजच्या मराठीत अर्थ, शेवटी कठीण शब्दांचा कोश. आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर घरातली जुनी बारीक टाइपाची प्रत त्यांना वाचवेना, म्हणून इथे नाशकात मेन रोडवरून ही आणली. टाइपाच्या बाबतीत पूर्ण समाधान आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात, साध्या चष्म्याने, हातभर अंतरावरून ओवी स्पष्ट दिसते. चाळिशी उलटलेल्या कुणालाही मी हीच प्रत घ्यायला सांगेन.

आमची पद्धत अशी. दिवाबत्ती झाली की हे ओवी वाचतात आणि मी अर्थ वाचते. साधारण पंचवीस ओव्या झाल्या की थांबायचं, पसायदान म्हणायचं आणि ताटं घ्यायची. अठरा अध्यायांत मिळून नऊ हजारांवर ओव्या आहेत, म्हणजे या गतीने सगळं वाचायला वर्ष लागतं. सप्ताहातल्या पारायणात हेच सात दिवसांत होतं, रोज जवळजवळ तेराशे ओव्या. पारायणाचं पुण्य आणि त्यातला सामुदायिक आनंद मी जाणते, लहानपणापासून पाहत आलेय. पण तेराशेच्या ओघात एखादी ओवी मनाला लागली तरी तिच्यापाशी थांबता येत नाही. पंचवीसमध्ये थांबता येतं. आम्ही कधी एकाच ओवीवर बोलत बसतो आणि कुकर गार होऊन जातो.

आता उणिवा. पुस्तक जड आहे, मांडीवर घेऊन वाचणं दहा मिनिटांच्या वर जमत नाही. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड सोबत घ्याच. कागद पातळ असल्याने मागच्या पानाची छपाई पुढे दिसते. आणि शिवण कच्ची निघाली. अकराव्या अध्यायापर्यंत पोचेतो मधल्या पानांचा जुडगा सुटून हातात आला. पंचवटीतल्या एका बाइंडरकडून नव्याने शिवून, कापडी पुठ्ठा चढवून घेतला, आता ते आणखी पन्नास वर्षं टिकेल. पण रोज उघडायचा ग्रंथ म्हणून विकताना शिवण तेवढ्या ताकदीची असायला हवी, हे छापणाऱ्यांना कळायलाच हवं.

अर्थाची भाषा बहुतेक ठिकाणी सोपी आहे. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन येतं तिथे मात्र अर्थच अवघड होऊन बसलाय. तो भाग आम्ही नुसता वाचत गेलो. कुणी जाणतं माणूस भेटलं तर विचारू.

आमच्या लग्नाला 36 वर्षं झाली. पंचविसाव्या वाढदिवसाला सुखी संसारावरची दोन-तीन पुस्तकं भेट आली होती. जोडीदाराचं मन कसं जिंकावं, भांडण कसं मिटवावं, रोज कोणती पाच वाक्यं बोलावीत, असली. ती मी वाचली, ह्यांनी वाचली नाहीत. त्या पुस्तकांची अडचण मला अशी वाटते की ती एकट्याने वाचायची असतात आणि वाचून झाल्यावर दुसऱ्याकडे बघायचं असतं, की आता हा बदलतोय का. ज्ञानेश्वरीत संसार कसा करावा याचा एकही धडा नाही. ती रणांगणावर सुरू होते. तरी संसाराला माझ्या अनुभवात या ग्रंथाइतकं दुसऱ्या कोणत्याच वाचनाने बळ दिलेलं नाही. हे मी विचार करून लिहितेय.

आमच्या दोघांची श्रद्धा एकसारखी नाही, हे आधी सांगायला हवं. माझे सोमवार, एकादशी, काळारामाचं दर्शन, रामकुंडावर दिवा सोडणं हे सगळं माहेरपासून चालत आलेलं. ह्यांनी सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभी हयात काढली. देव आहे म्हणतात, पण हात जोडून उभे राहायला त्यांना जमत नाही. प्रश्न विचारल्याशिवाय काही मान्य करायचं नाही हा स्वभाव. इतकी वर्षं देवाधर्माचं खातं माझ्याकडे आणि ते फक्त मला त्र्यंबकच्या बसमध्ये बसवून द्यायचे, अशी वाटणी होती. या वाचनात ती वाटणी गेली. अर्जुनही प्रश्नच विचारतो, आणि त्याला कुणी गप्प बसवत नाही. उलट प्रश्न चांगला आला की श्रीकृष्णांना आनंद होतो. हे ह्यांना फार आवडलं. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन म्हणतो की एकदा कर्म सोडायला सांगता, एकदा करायला सांगता, नक्की काय ते एक सांगा. हे वाचताना ह्यांनी पुस्तकावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघ, हा माझ्यासारखा आहे." त्या दिवसापासून वाचायला बसायची आठवण मला करावी लागत नाही.

नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे एक गोष्ट मागतात: लक्ष द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल. दक्षिणा नाही, उपास नाही, फक्त लक्ष. मी ते वाचलं आणि कितीतरी वेळ तेच मनात राहिलं. निवृत्तीनंतर घरात दोघंच उरलो, मुलगा पुण्याला, आणि दिवसभर एकाच छपराखाली असून आमचं बोलणं भाजी, औषधं आणि वीजबिल एवढ्यावर आलं होतं. एक बोलताना दुसऱ्याचे डोळे टीव्हीवर. ओवी एकाने आणि अर्थ दुसऱ्याने वाचायचा म्हटल्यावर मात्र ऐकावंच लागतं. ओवी कुठे संपली हे कळल्याशिवाय अर्थ सुरू करता येत नाही. ह्यांचा श्वास कुठे लागतो, कोणत्या शब्दाला आवाज जड होतो, हे मला आता पाठ आहे. एवढं लक्ष देऊन मी त्यांना याआधी कधी ऐकलं होतं, आठवत नाही.

तेरावा अध्याय मोठा आहे, 1170 ओव्यांचा. ज्ञानी माणसाची लक्षणं त्यात एकेक करून येतात. गीतेतल्या अहिंसा या एका शब्दावर माउली पानंच्या पानं बोलतात. अहिंसक माणूस चालतो कसा, तर केसर चुरगळेल या भीतीने भुंगा कमळावर जसा हळुवार पाय ठेवतो, तसा. आणि मांजरीचा दाखला आहे. पिल्लाला तोंडात धरताना तिच्या दातांची टोकं त्याला जेवढी लागतात, तेवढंच.

हा भाग आला तेव्हा आमच्या घरी अबोला होता. दिरांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. अवकाळीने घड फुटले, औषधांची उधारी अंगावर, आणि आमची मुदत ठेव मोडून त्यांना पैसे द्यावेत असं ह्यांच्या मनात होतं. माझं म्हणणं होतं की म्हातारपणाला लावलेली ती एकच ठेव आहे, अर्धी द्या, पूर्ण नको. त्यावर बोलणं वाढलं आणि मग बंद झालं. पण संध्याकाळी दिवा लागला की हे चष्मा पुसून स्टँडसमोर बसत आणि मी समोर बसे. ओवी त्यांची, अर्थ माझा. दिवसभरात एकमेकांचा आवाज तेवढाच कानावर पडे.

मांजरीची ओवी त्यांनी वाचली आणि थांबले. परत वाचली. मी अर्थ वाचला. पुढे आणखी काही ओव्यांनंतर अहिंसक माणूस बोलतो कसा ते येतं: आधी माया पाझरते, अक्षरं तिच्या मागून चालतात. तो अर्थ वाचताना माझा आवाज सरळ राहिला नाही. त्यांनी पान उलटलं नाही, तसेच बसून राहिले. त्या रात्री कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळणीतून चहा गाळत असताना हे ओट्यापाशी येऊन म्हणाले, "अगं, ठेवीची पावती कुठाय? अर्धीच मोडता येते का, बँकेत विचारून येतो." माझं मत मी बदललं नव्हतं, त्यांचंही पूर्ण बदललं नसेल. पण विचारण्याची रीत वेगळी होती. दिरांना अर्धी रक्कम गेली आणि बागेच्या कामाला हे स्वतः आठ दिवस जाऊन राहिले.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे ती प्रवरा आपल्याच गोदावरीला मिळते. आणि माउलींचे सद्गुरू, थोरले बंधू निवृत्तिनाथ, यांची समाधी इथे त्र्यंबकला आहे. परंपरा सांगते की निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह ब्रह्मगिरीवर झाला. पौष वद्य एकादशीच्या यात्रेला दिंड्या नाशकातून त्र्यंबकला जातात. दर वर्षी मी वारकऱ्यांना चहा द्यायला उभी राहते, यंदा हेही किटली घेऊन आले. अध्यायाच्या शेवटी ज्या निवृत्तिनाथांचं नाव आपण वाचतो त्यांच्याकडे ही माणसं थंडीत चालत निघालीत, हे डोळ्यांसमोर होतं. हे बराच वेळ दिंडीबरोबर चालत गेले.

त्याच सुमारास आम्ही या भावंडांच्या आईवडिलांविषयी खूप बोललो. विठ्ठलपंत रुक्मिणीबाईंना सोडून काशीला गेले आणि संन्यास घेतला. रुक्मिणीबाई आळंदीला पिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. गुरूंना खरं कळलं तेव्हा त्यांनी विठ्ठलपंतांना परत संसारात पाठवलं. मग चार मुलं झाली, आणि संन्याशाची मुलं म्हणून गावाने वाळीत टाकलं. शेवटी आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. मोडून पुन्हा उभा राहिलेला हा संसार, त्याची शिक्षा लेकरांनी भोगली. हे म्हणाले, "एवढं सोसलेल्या पोराने एवढी पानं सांगितली, आणि गावाबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही." पसायदानात तर दुष्टांचा नाश व्हावा असंही मागणं नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच. मी रुक्मिणीबाईंचा विचार करत होते. नवरा परत आल्यावर त्यांनी दार उघडलं तेव्हा त्या काय बोलल्या असतील? कुठेच लिहिलेलं नाही. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते.

एक शेजारचं वाचनही सांगते. माउलींच्याच अमृतानुभव या दुसऱ्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण आम्ही मध्येच, वाचनालयाची प्रत आणून वाचलं. पुढची प्रकरणं तत्त्वज्ञानाची आहेत आणि ती आमच्या आवाक्यातली नाहीत. पण पहिल्यात शिव-शक्तीचं वर्णन आहे, माउली त्यांना देव आणि देवी म्हणतात. दोन ओठांतून गोष्ट एक, दोन डोळ्यांत नजर एक, दोन दिव्यांचा उजेड एकच. लग्नात म्हटल्या जाणाऱ्या मंगलाष्टकांत याच ओव्या असायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

ही प्रत कुणी घ्यावी? पन्नाशीच्या पुढचं कुठलंही जोडपं, मग एकाची श्रद्धा असो वा नसो. नव्या लग्नाच्या जोडप्यांना एवढा वेळ निघणार नाही, त्यांनी रविवारी बसावं. मोबाइलवर ज्ञानेश्वरी फुकट मिळते आणि अक्षरही मोठं करता येतं, आम्ही प्रवासात तीच वापरतो. पण घरी मोबाइल नको, ओवी अर्ध्यात असताना वरून निरोप येऊन पडतात आणि दोघांना एका पडद्यात बघता येत नाही. पहिल्या अध्यायातल्या नमनाने दमायला झालं तर सरळ बारावा उघडा. भक्तियोगाच्या 247 ओव्या आहेत, दहा दिवसांत होतात, आणि गोडी लागली की मागे येऊन पहिल्यापासून सुरू करा. अठरावा सगळ्यात मोठा, अठराशेवर ओव्यांचा. तो आम्हाला दोन-अडीच महिने पुरेल.

घेताना दुकानातच ग्रंथ तेराव्या अध्यायाशी उघडून काउंटरवर ठेवा आणि हात काढा. पानं आपली आपण पसरून राहिली, मिटली नाहीत, आणि मध्ये शिवणीचा दोरा घट्ट दिसला, तरच ती प्रत घ्या. दोन खंडांत मिळत असेल तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी तीच बरी.