इनस्क्रिप्ट कीबोर्ड: आठ महिन्यांनंतर

आधी मी रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून खाली येणाऱ्या शब्दांतून मराठी शब्द निवडायचो. वेग चांगला होता, तक्रार काहीच नव्हती. मग एका रात्री घाईघाईत एका मैत्रिणीच्या लांबलचक पत्राला उत्तर दिलं. आमची ओळख ऑनलाइनच झालेली. एकमेकांचे कच्चे खर्डे वाचतो, भेट कधीच नाही. लिहायचं होतं, ‘तुझं पत्र फार खरं वाटलं.’ बोट शेजारच्या शब्दावर पडलं आणि गेलं, ‘तुझं पात्र फार खरं वाटलं.’ तिने जिवाभावाचं काहीतरी सांगावं आणि मी ते कथा समजून दाद द्यावी! दोन दिवस ती गप्प होती. समोर असती तर तिचा चेहरा बघून लगेच उमगलं असतं.

त्याच आठवड्यात इनस्क्रिप्ट लावलं, म्हणजे कळांवरून थेट देवनागरी अक्षरं टाइप करायची मांडणी. मांडणी जुनीच, 1991 साली भारतीय मानक ठरलेली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. शिफ्ट दाबली की क चा ख, त चा थ, ल चा ळ, र चा ऱ. हे जोडीचं तर्कशास्त्र एकदा डोक्यात बसलं की ‘वाऱ्यावर’ लिहिताना अडखळायला होत नाही. पहिले तीन आठवडे मात्र हाल. एक परिच्छेद लिहायला पूर्ण संध्याकाळ जायची. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना आणखी एक गोष्ट खटकेल: तिथे ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, इथे अक्षर आधी, वेलांटी नंतर.

आता वेग जवळपास पूर्वीइतका आहे. पण खरा फरक दुसराच. सुचवलेले शब्द समोर नसल्यामुळे जो शब्द मनात आहे तोच लिहावा लागतो. पूर्वी मी नकळत यादीतला पहिला शब्द स्वीकारायचो, हे मैत्रिणीनेच दाखवून दिलं. म्हणाली, ‘हल्ली तुझी वाक्यं जरा ओबडधोबड झालीत, पण तुझी वाटतात.’

तक्रारी आहेतच. माझ्या संगणकावरच्या मांडणीत प्रश्नचिन्ह नाही, त्यासाठी दरवेळी इंग्रजीत जावं लागतं. त्या कंटाळ्याने मी तिला प्रश्नच कमी विचारू लागलो होतो, हे एकदा जुने निरोप चाळताना लक्षात आलं. कीबोर्ड बनवणाऱ्याच्या हे स्वप्नातही आलं नसेल. शिवाय तिच्या पडद्यावर माझे ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. तो दोष कीबोर्डचा नाही, तिच्याकडच्या फाँटचा. पाठवलेली अक्षरं तीच असतात. तरी तिला ते परक्याचं हस्ताक्षर वाटतं.

फोनवर मात्र इनस्क्रिप्ट महिनाभरात काढून टाकलं, बोटांपुढे कळा फार लहान. तिथे अजून जुनीच पद्धत. पाठवण्याआधी एकदा वाचतो. ‘पत्र’ असेल तर दोनदा.