पिझो पिकअपचा तयार संच : चकती उत्तम, जोडणी सुमार

पिकअप म्हणजे वाद्याची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग. घरी तंतुवाद्य बनवणाऱ्यांसाठी मिळणाऱ्या त्याच्या या संचात 27 मिलिमीटर व्यासाची पितळी पिझो चकती, आवाज कमी-जास्त करण्याचे पोटेन्शियोमीटर आणि 6.35 मिलिमीटरचा जॅक हे सारे आधीच जोडलेले येते. मी तो तीन तारांच्या दोन वाद्यांवर वापरला. एकाची तबली (वाद्याच्या तोंडावरची कंप पावणारी फळी) आंब्याच्या पातळ फळीची आहे, दुसऱ्याची मालाच्या जुन्या खोक्यातल्या पाइनची, आणि दांडी दोन्हींची चिंचेची आहे. (चिंचेचे लाकूड रंध्यापुढे सहज नमत नाही, धार वारंवार लावण्याची तयारी ठेवावी.)

गिटारच्या फळीत बसवतात तो चुंबकीय पिकअप पोलादी तारेची हालचाल टिपतो, त्यामुळे त्याला लाकूड अप्रत्यक्षच ऐकू येते. पिझो चकतीवरील सिरॅमिकचा थर मात्र तबलीबरोबर स्वतः वाकतो आणि त्या ताणातून विद्युतदाब निर्माण होतो. म्हणूनच अनवट लाकडाचे प्रयोग करणाऱ्याला ही साधी चकती महागड्या पिकअपपेक्षा अधिक उपयोगी आहे. पाइनचा स्वर उघडा आणि लांबणारा, तर आंब्याचा आखूड, किंचित दबलेला, हा फरक अॅम्प्लिफायरमधूनही स्पष्ट कळला. नायलॉनच्या तारांवरही ती चालते, हा आणखी एक फायदा. अर्थात, तबलीला बोट लागले तरी तेही ऐकू येते.

चकती थेट घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली) दाबून बसवल्यास आवाज कर्कश होतो. घोडीपासून दोन बोटे दूर, तबलीच्या आतल्या बाजूस पातळ दुहेरी चिकटपट्टीने लावल्यास तो बराच निवळतो.

खरी तक्रार पोटेन्शियोमीटरची आहे. अशा चकतीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण 20 नॅनोफॅरड असते आणि माझ्या संचातले पोटेन्शियोमीटर 50 किलोओहमचे निघाले. या दोहोंच्या जोडणीत सुमारे 160 हर्ट्झच्या खालच्या स्वरांचा जोर कमी होत जातो. जी-डी-जी असे जुळवलेल्या वाद्याची खालची तार 98 हर्ट्झची असल्याने तिच्या मूळ कंपनाचा विद्युतदाब जवळपास निम्म्यावर येतो आणि वाद्य पत्र्यासारखे वाजू लागते. दोष लाकडाचा नाही, चकतीचाही नाही. त्या जागी 1 मेगाओहमचा भाग बसवून, तितक्याच इनपुट रोधाच्या अॅम्प्लिफायरला जोडल्यावर ही मर्यादा 16 हर्ट्झपर्यंत खाली गेली आणि दोन्ही वाद्यांना भरदार खर्ज मिळाला.

संचातली वायर आवरणरहित असल्याने गुणगुणही येते. आवरण असलेली वायर घेऊन आवरण पितळेला आणि मधली तार सिरॅमिकला जोडावी, पण डाग (सोल्डर) क्षणात द्यावा, कारण जास्त तापल्यास सिरॅमिकची क्षमता कायमची घटते.

ज्याला डाग देता येतो त्याने हा संच न घेता सुटी चकती आणि योग्य भाग घ्यावेत. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी संच चालेल, मात्र वाद्य वरच्या सुरांत जुळवावे.