कॅसेटवरून रेकॉर्डवर: ‘विश यू वेअर हिअर’ पुन्हा ऐकताना

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक गटाचा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम सप्टेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या हाती तो आला १९८८ साली, पुण्याच्या आतेभावाने ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर भरून दिलेला. सुमारे ४४ मिनिटांचा हा अल्बम त्या एका बाजूत नेमका मावत असे, त्यामुळे इतकी वर्षे मी तो बाजू न उलटताच ऐकत आलो. रेकॉर्डला दोन बाजू असतात आणि या अल्बममध्ये त्या दोन बाजूंना अर्थ आहे, हे कधी ध्यानातच आले नाही. यंदा मुलीने त्याची नवी छापलेली रेकॉर्ड भेट दिली आणि सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या जुन्या घरात ती लावली, तेव्हा अनेक गोष्टी पहिल्यांदाच कानी पडल्या.

अल्बमच्या मुळाशी सिड बॅरेट आहे. ज्याने हा गट उभारला आणि त्याला सुरुवातीची गाणी दिली, तोच मानसिक प्रकृती ढासळल्यामुळे १९६८ मध्ये गटातून बाहेर पडला. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही त्याच्यावरची नऊ भागांची दीर्घ रचना दोन तुकड्यांत विभागून अल्बमच्या आरंभी आणि शेवटी ठेवलेली आहे. जून १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम चालू असताना बॅरेट स्वतः तेथे आला. त्याने डोके आणि भुवया भादरलेल्या होत्या, अंग सुटलेले होते, आणि जुन्या मित्रांना त्याला ओळखायलाही वेळ लागला. हा प्रसंग ठाऊक झाल्यापासून मी ही रचना मन घट्ट करूनच ऐकतो. ओल्या बोटाने काचेच्या पेल्यांच्या कडा घासून काढलेले सूर तिच्या आरंभी मिसळलेले आहेत, त्यांवर गटातल्या रिक राइटचा सिंथेसायझर पसरतो, आणि बऱ्याच वेळाने गटाचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याच्या गिटारचे ते चार सूर येतात. गायन सुरू व्हायला साडेआठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. रागाची आलापी ऐकणाऱ्या माणसाला हा संथपणा परका वाटणार नाही.

खरा बदल झाला तो ‘वेलकम टू द मशीन’ या गाण्याबाबत. तरुणपणी मी कॅसेट पुढे पळवून ते हटकून टाळत असे. सिंथेसायझरवर तयार केलेला एक धडधडता ठोका त्याच्या तळाशी अखंड चालू राहतो, आणि आमच्या गल्लीत तर पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रमागांचा खडखडाट असे. तोच आवाज पुन्हा कॅसेटमधून कशाला ऐकायचा, असे वाटे. वडील टॉवेलच्या मागावर होते, आई घरी कांड्या भरत असे. आता गल्लीतले बहुतेक माग बंद झाले आहेत. त्या दिवशी हे गाणे सुरू झाले आणि आतल्या खोलीतून आईने विचारले, “शेजारचे माग परत चालू झाले का रे?” त्या ठोक्यावर एकट्या अकूस्टिक गिटारची साथ किती उघडी, किती असहाय वाटते, हे मला त्या क्षणी उमगले. यंत्राच्या चालीने चालावे लागणाऱ्या माणसाचे हे गाणे आहे, आणि ते माझ्याच घरात बसून मी टाळत आलो होतो.

गाण्याच्या शेवटी एखाद्या मेजवानीतले हसणे-बोलणे ऐकू येते आणि पहिली बाजू संपते. उठून रेकॉर्ड उलटावी लागते. कॅसेटवर ही शांतता मला कधी मिळालीच नव्हती. दुसऱ्या बाजूला ‘हॅव अ सिगार’ सुरू होते, ज्यात संगीताच्या धंद्यातला बडा माणूस कलावंतांची तोंडभर स्तुती करतो. ते गायले आहे गटाबाहेरच्या रॉय हार्परने. या गाण्याच्या अखेरीस आवाज एकदम आक्रसून लहानशा रेडिओतून आल्यासारखा होतो, आणि त्या रेडिओची स्टेशने फिरत असतानाच शीर्षकगीताची गिटार लागते. शीर्षकगीत गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने वाजवून गुळगुळीत केले आहे, तरी या जागी ते अजूनही ताजे वाटते. त्याच्या शेवटी वाऱ्याच्या आवाजाखाली फ्रेंच जॅझवादक स्टेफान ग्रापेली यांचे व्हायोलिन अगदी पुसट आहे. कॅसेटच्या सरसरीत ते मला कधीच ऐकू आले नव्हते.

सगळेच निर्दोष आहे, असे मात्र नाही. शेवटच्या रचनेतला आठवा भाग मला आजही सैल वाटतो; तेथे वाद्ये ठेक्यात रमतात आणि शोक मागे पडतो. रेकॉर्डची छपाई चांगली असली, तरी पाकिटाचा एक कोपरा विक्रेत्याच्या ढिसाळ बांधणीमुळे दुमडून आला, आणि पाकीट हा या अल्बमचा महत्त्वाचा भाग असल्यामुळे त्याची हळहळ वाटली. त्यावर दोन माणसे हस्तांदोलन करीत आहेत आणि त्यांतील एक पेटलेला आहे. त्यासाठी एका स्टंटमनला खरोखरच पेटवून छायाचित्र घेतले होते.

ज्यांना केवळ शीर्षकगीत ठाऊक आहे, त्यांनी शक्य असल्यास हा अल्बम रेकॉर्डवर, नाहीतर फोनवर तरी गाण्यांचा क्रम न बदलता ऐकावा आणि ‘वेलकम टू द मशीन’नंतर मिनिटभर थांबावे. अगदी शेवटी, नववा भाग विरत असताना, राइटच्या सिंथेसायझरवर बॅरेटच्या ‘सी एमिली प्ले’ या जुन्या गाण्याची ओळ क्षणभर येते आणि जाते. तेवढ्यासाठी आवाज थोडा वाढवावा लागतो.