नाशिकमधल्या एएच्या मीटिंगा: चौदा महिने बाकावर बसल्यानंतर

मी अंबडला सीएनसी मशीनवर आहे. वीस वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची सहा रोज. चौदा महिने झाले, एक थेंब घेतलेला नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची आपसातली संघटना; तिच्या मीटिंगांबद्दल लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा आत गेल्यावर नेमकं काय होतं हे मला मराठीत कुठे धड वाचायला मिळालं नाही.

आधी शोधण्याबद्दल. नेटवर मिळालेल्या एका पत्त्यावर संध्याकाळी सातला पोचलो, तर फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते लोक कधीच गेले इथून." तिथून घरी येताना तीन परमिट रूम लागतात. त्या दिवशी मी दुसरी ओलांडू शकलो नाही. म्हणून कळकळीने सांगतो, नुसता पत्ता वाचून निघू नका. एएच्या हेल्पलाइनवर फोन करा, आज मीटिंग आहे ना, हे विचारा. मी पुढच्या आठवड्यात फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने नाव नाही, गाव नाही, एवढंच विचारलं, "आज घेतलीय का?" म्हटलं, हो. "चालेल, तरी या. मी द्वारका सर्कलला थांबतो." आणि खरंच गाडी घेऊन थांबले होते. आज ते माझे स्पॉन्सर आहेत, म्हणजे नव्या माणसाला सांभाळून घेणारे जुने सभासद.

मीटिंग साधारण दीड तासाची. आमची शाळेच्या वर्गात भरते, लहान पोरांचे बाक, गुडघे अडकतात. प्रार्थना होते, दारूतून बाहेर पडायच्या एएच्या बारा पायऱ्या वाचतात, मग एकेक जण उठून "मी अमुक, मी मद्यपी" म्हणून स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. घरी, कंपनीत, भावकीत मला सगळे नुसतं ऐकवत होते. इथे मी बोललो आणि दहा-बारा माणसं गप्प ऐकत राहिली. आईच्या दहाव्याला रामकुंडावर मी पिऊन गेलो होतो. हे बायकोपाशीही कबूल केलं नव्हतं, ते तिसऱ्या मीटिंगला बोलून गेलो. संपल्यावर एक काका जवळ आले, म्हणाले, "मी पोरीच्या साखरपुड्यात." बाकी काही नाही. माझ्या हातात चहाचा कप दिला.

फी नाही. शेवटी पिशवी फिरते, सभासद दहा-वीस टाकतात. मला पहिल्या दिवशी टाकूच दिले नाहीत. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. रजिस्टरवर नाव नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूने पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. आजही सगळा आधार तोच आहे: जो त्यातून गेलाय, त्याने त्यातल्याशी बोलायचं.

आता खटकलेलं. पहिल्या गटात बहुतेक निवृत्त माणसं होती आणि माझं मन रमेना. मी सोडून देणार होतो. स्पॉन्सरनी दुसऱ्या, मग तिसऱ्या गटात नेलं, तिथे कामगार भेटले, निम्मं बोलणं हिंदीत, आणि मी टिकलो. तेव्हा एका मीटिंगवरून ठरवू नका. सेकंड शिफ्ट असली की संध्याकाळची मीटिंग बुडते. त्या आठवड्यांत मी मोबाइलवर ऑनलाइन बसतो, पण त्यात ती ऊब नाही. बायका फार कमी दिसतात. चौदा महिन्यांत मी दोघींना पाहिलं, आणि त्यांना इथवर यायला आमच्याहून कितीतरी जास्त धीर लागला असणार.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. एका जुन्या सभासदाने मला "डॉक्टरच्या गोळ्या सोडा, मीटिंग पुरे" असं सांगितलं. हे साफ चूक आहे, आणि एएचीही ही भूमिका नाही. औषधाचं डॉक्टरने बघायचं, असंच ते म्हणतात. मी आधी एकदा मनानेच दारू एकदम बंद केली होती. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागले. मेहुण्याने दवाखान्यात नेलं म्हणून वाचलो. रोज पिणाऱ्याने अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, सोबत मीटिंग. मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात.

बायको अल-अनॉनला जाते, ती घरच्यांसाठीची वेगळी मीटिंग. अजूनही दार उघडताना ती क्षणभर माझ्या तोंडाजवळ येते. मला राग येत नाही.

यंदा रंगपंचमीला मित्रांनी शनि चौकातल्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर, बोलावलं. दरवर्षी मला तिथून उचलूनच आणायचे. दुपारी बाराला स्पॉन्सरना फोन केला, ते अर्ध्या तासात आले, सगळा वेळ माझ्या शेजारी उभे राहिले. मी रहाडीत उडी मारली, पोरालाही मारू दिली. सातच्या मीटिंगला तसाच गेलो, शाळेच्या बाकाला रंग लागू नये म्हणून खाली पेपर टाकून बसलो.