शेक्सपिअर गॅलरीची ‘अस्सल’ प्रिंट्स : ८५८ पौंड ५० पेन्स बुडाले

लंडनच्या विक्रेत्याकडून जुनी कोरीव चित्रं ऑनलाइन घेत असाल तर आधी हे वाचा. अठराव्या शतकातला लंडनचा प्रकाशक जॉन बॉयडेल याने शेक्सपिअरच्या नाटकांवर चित्रं काढून घेतली आणि ती कोरून छापली, तीच ही शेक्सपिअर गॅलरी. तिची तीन प्रिंट्स मी घेतली, प्रत्येकी २८० पौंड, टपालखर्च १८.५०. हातात आलं काय, तर चहाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावरची ऑफसेट छपाई!

दहापट भिंग लावलं आणि पोटात गोळा आला. मॅकबेथच्या चेटकिणींच्या अंगावरचे ठिपके सरळ रांगेत, सारख्या अंतरावर. स्टिपलचे, म्हणजे ठिपक्यांनी चित्र कोरण्याच्या जुन्या पद्धतीतले, ठिपके तांब्याच्या पत्र्यावर हाताने टोचलेले असतात. लहानमोठे, गालाच्या वळणाने वळत जाणारे. शिवाय खऱ्या छापात शाई कागदावर किंचित उभी राहते, बोटाला जाणवते. इथे सगळं गुळगुळीत.

सगळ्यात जास्त चीड येते ती प्लेटमार्कची, म्हणजे छापताना पत्र्याच्या कडांचा कागदावर उमटणाऱ्या दाबाची. फोटोत तो दिसत होता हो! पत्र्याच्या दाबाची चौकट चित्राच्या खाली आणि प्रकाशकाचं नाव-साल असलेल्या ओळीच्या वर संपत होती. ती ओळही त्याच पत्र्यावर कोरलेली असते, मग ती चौकटीबाहेर पडेलच कशी? चौकट नंतर वेगळी दाबली होती. फोटो तीनदा मोठा करून पाहिला आणि तिन्ही वेळा ती माऊंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची) सावली समजून सोडून दिली.

किंग लिअरच्या वादळाच्या प्रिंटला ‘पहिली छपाई १८०३’ म्हटलं होतं. चित्र बेंजामिन वेस्ट या चित्रकाराचं, कोरलंय विल्यम शार्पने, आणि पत्र्यावरचं साल १७९३. पण बॉयडेलच्या प्रिंट्सच्या मोठ्या संग्रहग्रंथावर १८०३ आहे आणि तेच साल सगळ्या पानांना लावायची सवय चांगल्या विक्रेत्यांनाही असते. तेवढ्यावरून कुणालाच शंका आली नसती.

कागदाची मागची बाजू तिरप्या उजेडात धरून काढलेला फोटो मागाच. अतिनील टॉर्चखाली कागद निळा चमकला तर तो दोनशे वर्षांचा नाही. आणि न्यूयॉर्कच्या स्पूनर नावाच्या प्रकाशकाने १८५२ मध्ये बॉयडेलचेच झिजलेले पत्रे दुरुस्त करून पुन्हा छापले. ती प्रिंट्स खोटी नव्हेत, पण त्यांना जुन्या छपाईचा भाव देऊ नका.

पैसे थेट खात्यात भरले, हीसुद्धा चूक. कार्डाने द्या. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत आणि वस्तू मिळाली आहे, हा दर्जाचा वाद. पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्मवर क्रमांक मिळाला आणि ११ आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर : तपास होणार नाही. ग्राहक विभागाने पुन्हा पोलिसांकडे धाडलं. विक्रीच्या वेबसाइटने तक्रारीची ३० दिवसांची मुदत दाखवली. ती बाकीच्यांच्या उत्तरांची वाट बघण्यातच संपली होती! भिंगाखालचे फोटो चौघांनाही पाठवले. ठिपक्यांबद्दल एकानेही एक प्रश्न विचारला नाही.