'द मेरियन कॉन्स्पिरसी': सहा महिन्यांत चारदा ऐकल्यानंतर

पहिल्या खेपेला, खरं सांगते, दुसऱ्या भागाच्या मध्यावरच मी हरवले. चार भागांचं नभोनाट्य, निवेदक नाही, आणि कट रचणाऱ्या पुरुषांचे आवाज मला सगळे एकसारखेच. त्यात लोकलची गर्दी. कानात कुजबुज सुरू झाली की नेमकं कुणीतरी खांद्याला हात लावून विचारणार, "ठाण्याला उतरणार का?"

दुसऱ्यांदा रात्री ओटा आवरताना ऐकलं, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून. तेव्हा जमलं.

हे 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेवरचं, बिग फिनिश या नभोनाट्यं काढणाऱ्या कंपनीने २००० साली काढलेलं. काळाच्या विणीत कुठेतरी गाठ बसली आहे. तिचा माग काढत डॉक्टर, म्हणजे मालिकेचा काळात हिंडणारा नायक, पोचतो तो एव्हलिन स्माइद या इतिहासाच्या प्राध्यापिकेकडे. तिचे पूर्वजच इतिहासातून पुसले जाताहेत, म्हणजे पाठोपाठ तीही जाणार. गाठ सुटेल ती १५५५च्या इंग्लंडमध्ये. तिथे डॉक्टर थेट कॅथलिक मेरी राणीसमोर, आणि एव्हलिन राणीच्या जिवावर उठलेल्या प्रोटेस्टंटांच्या घोळक्यात.

इथले डॉक्टर कॉलिन बेकर टीव्हीवरही १९८४ ते ८६ डॉक्टर होते. तिथला त्यांचा डॉक्टर मला फार आरडाओरडा करणारा वाटला होता, शिवाय तो ठिगळाठिगळांचा भडक कोट! इथे कोट दिसत नाही, हा केवढा फायदा. पण जीव आहे तो मॅगी स्टेबल्स यांच्या एव्हलिनमध्ये. पंचावन्नची, चॉकलेटवर जीव टाकणारी, समोर कोणीही असो, न बधणारी. काळात हिंडणाऱ्या गोष्टींत या वयाची बाई सहसा नसतेच. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे या मतात पक्षपात आहे, तो धरून चाला.

तिसऱ्या खेपेनंतर मात्र मी अस्वस्थ झाले. मेरीच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं, आणि सुरुवात याच १५५५ साली झाली. म्हणजे कटवाल्यांची बाजू चुकीची म्हणवत नाही. पण राणी अवेळी मेली तर पुढचं सगळंच बदलतं. एव्हलिन जगायला हवी तर राणीही जगायला हवी, आणि त्या चिता पेटायलाच हव्यात. कोको पिणाऱ्या एका गोड बाईसाठी मी ओट्यापाशी उभी राहून कट फसावा म्हणत होते! मेरीचंही तसंच. त्याच वर्षी ती बाळाची वाट पाहत होती, सगळा दरबार थांबला होता, आणि बाळ नव्हतंच. हे डोक्यात असताना तिचा आवाज ऐकला की तिला 'ब्लडी मेरी' या टोपणनावानं म्हणणं जड जातं.

दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतं, "मॅडम, नारायणराव पेशव्यांचा खून झाला नसता तर?" आजवर मी "जर-तरला मार्क नाहीत" म्हणून पुढे जायचे. यंदा त्यावर अख्खा तास गेला आणि पोर्शन मागे पडला.

उणीव एकच, डॉक्टर-एव्हलिनची ताटातूट फार वेळ चालते. दोघांची जुगलबंदी हे मुख्य आकर्षण, आणि तेच तुकड्यातुकड्यांत मिळतं. मेरीचं ट्यूडर घराणं अजिबात माहीत नसेल तर आधी मेरी आणि तिच्यानंतरची राणी एलिझाबेथ यांचं नातं तेवढं वाचून घ्या. आणि पहिला भाग घरीच ऐका, लोकलमध्ये नको.